सिसिली घेतली, पण मित्र गेला

मंडळी, पोस्ट सार्वजनिक विषयावरच आहे, फक्त सुरुवात गेमपासून करतोय. कंटाळू नका.

आम्ही सातजण शनिवारी रात्री साडेनऊला ‘इंपेरेटर: रोम’ खेळतो. चौघे कवठे येमाईत, दोघे रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला, एक पुण्यात. गेम सुरू होतो इ.स.पू. 304 मध्ये. रोम माझ्याकडे, कार्थेज वस्तीवरच्या मित्राकडे. मौर्य कुणी घ्यायचं यावर इतकी भांडणं झाली की शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. एकच मोहीम महिनोन्महिने चालते, त्यामुळे नियम लागतातच. ते मीच लिहिले. त्यातला एक असा: जो येणार नाही त्याचं राज्य कॉम्प्युटर चालवेल, खेळ थांबणार नाही.

ऐकायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

एका शनिवारी मित्र आला नाही. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, तो कांद्याला पाणी भरायला गेलेला. आपल्याकडे बिबट्याच्या भीतीनं रात्री एकटं कुणी जात नाही, म्हणून भावालाही सोबत घेऊन गेला. इकडे मी कॉम्प्युटरच्या हातातलं कार्थेज बघितलं आणि दोन तासांत सगळी सिसिली घेतली. खऱ्या रोमला त्यासाठी इ.स.पू. 264 ते 241 अशी तेवीस वर्षं लढावं लागलं होतं!

सकाळी त्याचा ग्रुपवर एकच मेसेज आला, “नियमात होतं ना? मग बरोबर आहे.” आणि गडी ग्रुपमधून बाहेर.

मी पंधरा दिवस नियमच धरून बसलो. मग गेलो वस्तीवर. म्हटलं, सिसिली परत घे बाबा, जुनी सेव्ह फाईल आहे. तो म्हणाला, “सिसिली राहू दे तुला. वेळ कोण ठरवतं ते सांग. 1 मेला आम्ही कांदा काढत असतो, तू ग्रामसभेला लोक येत नाहीत म्हणून पोस्ट टाकतोस. लाईक पण मिळतात तुला.”

काय बोलणार?

ग्रामसभेचं माहीतच आहे. गावातल्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. नाही जमली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मूठभर माणसं ठराव करू शकतात. या तरतुदीवर मी इथंच केवढं तावातावानं लिहिलंय, आणि स्वतः नियम करायची वेळ आली तेव्हा नेमकी तीच पळवाट लिहून बसलो.

मग पुन्हा बसलो, सगळे, त्याच्याच गोठ्यासमोर. त्याची लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात खेळ रविवारी दुपारी. सातातले पाच हवेतच, आणि पुढे ढकललेल्या खेळालाही पाचच हवेत. गैरहजर माणसाच्या राज्यावर चढाई करायची तर आधी गुरुवारी ग्रुपवर युद्ध जाहीर करायचं. आपल्या जागी कोण खेळेल हे ज्याचं राज्य त्यानंच सांगायचं. त्याला आम्ही सुभेदार म्हणतो, रोमन नाव कुणाला सुचलं नाही. होस्ट दर दोन महिन्यांनी बदलणार. रोमनांनी संकटकाळी नेमलेल्या हुकूमशहालासुद्धा सहाच महिने दिले होते, मी तर वर्षभर बसलो होतो. सेव्ह फाईल त्याच रात्री ग्रुपवर टाकायची, म्हणजे होस्टनं मागून काही केलं असा संशय नको.

पुण्यातल्या मित्राला रविवारची दुपार अजिबात पटलेली नाही. अजून कुरकुर चालू आहे त्याची.

मित्र परत आलाय. सिसिली अजून माझ्याकडेच आहे. गेल्या रविवारपासून तो गपचूप जहाजं बांधतोय, आणि येत्या शनिवारी माझी बहिणीकडे जागरण-गोंधळाला हजेरी आहे. गुरुवारी ग्रुप उघडायची भीती वाटतेय.