एकाच दगडावरील दोन रेघा

इतवारीतील सराफा बाजारामागच्या एका बोळात माझे वडील चाळीस वर्षे सोनारकाम करीत आले. खोली लहान आणि अंधारी. दिवसाही दिव्याचा पिवळा झोत तेवढा त्यांच्या हातांवर पडलेला असे. मोतीबिंदूमुळे दसऱ्यानंतर बैठक सोडायची, असे त्यांनी ठरवले, तेव्हा तो प्रकाश आणि ते हात छायाचित्रात जपावेत, या इच्छेने मला घेरले. फ्लॅशच्या लखलखाटात ती खोलीच नाहीशी झाली असती.

मंद प्रकाशासाठी मोठ्या छिद्राचे भिंग हवे. कॅननची 50 मिलिमीटरची दोन भिंगे माझ्या मनात होती. एकाचे छिद्र एफ/1.8 पर्यंत उघडते, दुसऱ्याचे एफ/1.4 पर्यंत. पहिल्याचे वजन 160 ग्रॅम, दुसऱ्याचे 290. किंमत मात्र दुपटीहून अधिक. एका स्नेह्याकडून दोन्ही भिंगे संध्याकाळपुरती मागून आणली. एकाने दारातले दृश्य टिपले, दुसऱ्याने दिव्याजवळचे, आणि महाग तेच उजवे, असा निवाडाही करून टाकला.

वडील हसले. म्हणाले, "दोन्ही रेघा एकाच दगडावर ओढ, बाबू. अन् तुले पाहायचं काय आहे, ते आधी ठरव."

कसोटी ही त्यांच्या रोजच्या वापरातील वस्तू. तपासायचे सोने काळ्या दगडावर घासायचे, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि मग दोहोंचा रंग पडताळायचा. मीही तसेच केले: तोच दिवा, तेच अंतर, तेच हात. एफ/1.4 मधून येणारा प्रकाश एफ/1.8 च्या सुमारे 1.65 पट असतो. कॅमेऱ्याची संवेदनशीलता थोडी वाढवली की हा फरक भरून निघतो. उलट, छिद्र जितके मोठे, तितका स्पष्टतेचा पट्टा अरुंद. मीटरभर अंतरावर एफ/1.4 ला तो जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरांचा. बोटे रेखीव आली, तर चेहरा विरघळे. चेहरा साधला, तर बोटे धूसर होत. मला तर हात आणि त्या हातांवर खिळलेली नजर, दोन्ही हवे होते. त्यासाठी छिद्र लहानच करावे लागणार होते. आणि लहान केलेल्या छिद्रातून दोन्ही भिंगे जवळपास सारखाच प्रकाश देतात.

मी स्वस्त भिंग घेतले. कॅमेरा लाकडी पेटीवर टेकवला, छिद्र एफ/5.6 वर आणले आणि वडिलांचा हात क्षणभर स्थिरावण्याची वाट पाहिली. वाचलेले पैसे तिसऱ्या भिंगाच्या कामी आले. ते डॉक्टरांनी वडिलांच्या डोळ्यात बसवले.

पट्टी निघाल्यावर त्यांनी ते छायाचित्र दिव्याखाली धरले. बराच वेळ निरखून म्हणाले, "चिमटा वाकडा धरत होतो रे मी! कोणी सांगितलंच नाही मले."

दसरा होऊन गेला. बैठक अजून सुटलेली नाही.