सरस

मराठीत ‘सरस’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, दुसऱ्याहून चांगला. आणि दुसरा, सुतार लाकूड जोडायला वापरतो तो चिकट पदार्थ. भाषा घडविणाऱ्यांनी हा योग मुद्दाम जुळवून आणला असेल असे नाही. पण घरातली एखादी खुर्ची मोडली, की कोणता सरस सरस, हा प्रश्न खराखुरा होऊन पुढे उभा राहतो.

आमच्याकडे तो यंदाच्या पावसाळ्यात उभा राहिला. अण्णांच्या सागवानी खुर्चीचा डावा हात खाचेतून निखळला. एरवी हे कोणी फारसे मनावर घेतले नसते. पण दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून अण्णांची उजवी बाजू दुबळी झाली आहे. उठताना ते सगळा भार त्या डाव्या हातावर टाकतात. तो निसटला तर खुर्ची नव्हे, माणूस पडणार होता.

दुकानदाराने माझ्यापुढे तीन वस्तू मांडल्या. पहिली, क्षणात चिकटणाऱ्या द्रवाची इवलीशी नळी. १९४२ साली हॅरी कूव्हर हे अमेरिकन रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत असताना हा पदार्थ हाती आला. तो जिथे तिथे चिकटतो म्हणून बाजूला पडला, आणि १९५८ साली त्याच अवगुणाच्या जोरावर बाजारात आला! फुटलेली बशी तो छान धरतो. पण हिसका बसला की तडकतो. दुसरी, दोन नळ्यांची जोडी. दोन्हींतले द्रव्य कालवून लावले की दगडासारखे घट्ट होते, फटसुद्धा भरून निघते. तिसरा आपला पांढरा फेविकॉल. १९५९ साली तो आला आणि सरस शिजवत बसण्याच्या कटकटीतून सुतारांची हळूहळू सुटका झाली.

तिन्ही घेऊन मी आमच्या आळीतल्या सुतारकाकांकडे गेले. त्यांनी नळ्यांकडे पाहिलेही नाही. “खुर्चीवर बसतं कोण?” एवढेच विचारले. मी सांगितले, तसे ते हत्यारांची पिशवी घेऊन घरीच आले.

खाचेत तपकिरी, काचेसारखे कण होते. “हा जुना सरस,” काका म्हणाले. जनावरांच्या कातड्यांपासून आणि हाडांपासून बनणारा, पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवायचा. प्राचीन इजिप्तमधल्या लाकूडकामातही तो सापडतो. पावसाळी हवेत तो ओल धरतो आणि सैल पडतो. पण ऊब आणि ओल दिली की सांधा लाकूड न फाडता उघडता येतो.

हे ऐकून अण्णा कॉटवरून म्हणाले, “मग पुन्हा सरसच लावा. माझ्या वडिलांची खुर्ची आहे. पुढे कोणाला ती खोलून नीट करायची झाली, तर लाकूड तरी शाबूत राहील.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. नव्या डिंकाचा सांधा इतका पक्का होतो, की पुढच्या वेळी सांधा सुटण्याऐवजी शेजारचे लाकूडच फाटते. अण्णा खुर्चीच्या आयुष्याचा विचार करीत होते, मी त्यांच्या. काकांनी माझ्याकडे पाहिले. मी फेविकॉलचा डबा पुढे केला.

जुना सरस कोमट पाण्याने भिजवून, खरवडून काढला. कारण मळलेल्या सांध्यावर नवा डिंक बसत नाही. लाकूड वाळल्यावर काकांनी कुसवाला सागाची पातळशी चकती लावून ते खाचेत घट्ट बसेल असे केले. “फट डिंकानं भरायची नसते, पोरी. लाकडाला लाकूड भिडलं पाहिजे. डिंक नुसता धरून ठेवतो.” मग डिंक लावून, दोरी गुंडाळून, तिच्यात काठी घालून पीळ दिला. चोवीस तास हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली.

ते चोवीस तास अण्णांना उठवायला आई आणि मी दोघी लागत होतो. दर वेळी ते ओशाळून म्हणत, “वाळली असेल गं आता.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोरी सोडली. अण्णा बसले. थोड्या वेळाने डाव्या हातावर भार देऊन उठू लागले. मी पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटले, आणि ते उभे राहिले.

पुढे कधी एखादा सुतार ही खुर्ची खोलायला बसेल आणि सांधा सुटता सुटत नाही म्हणून आम्हांला नावे ठेवील. खुशाल ठेवो.