उलगडण्यापूर्वी

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका टूलरूममध्ये मी ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झालो, त्या काळी ड्रॉइंगांची आवक-जावक 1.44 मेगाबाइटच्या फ्लॉपीवर चाले, आणि एका डायचे सर्व भाग तीत मावावेत म्हणून त्यांची झिप करणे हे आमचे नित्यकर्म होते. पुढे इगोर पाव्हलोव्ह या रशियन प्रोग्रामरने 1999 साली प्रसिद्ध केलेला सेव्हन-झिप हा विनामूल्य प्रोग्राम आमच्या संगणकावर आला, आणि त्याच्या अंगभूत फाइल मॅनेजरने माझ्या हाताला जे वळण लावले, ते तळवडे, चाकण अशा ठिकाणी नोकऱ्या पालटल्या तरी कायम राहिले.

या फाइल मॅनेजरचा विशेष असा की, झिप न उलगडताच तिच्यातील नावे, आकार, बदलाच्या तारखा आणि सीआरसी हा पडताळणीचा अंक यांची फेरिस्त तो समोर मांडतो. त्यामुळे ग्राहकाचे नवे रिव्हिजन पदरात पडताच जुन्याशी त्याची रुजवात घालता येते. एफ-नाइन दाबले की खिडकी दुभंगते. एका बाजूस झिप, दुसऱ्या बाजूस आपला फोल्डर, आणि एफ-फाइव्हने हवे तेवढेच ड्रॉइंग पलीकडे नेता येते. ‘टेस्ट’ केल्यास गठ्ठा वाटेत बिघडला काय, याचाही निर्वाळा मिळतो.

रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड सिद्ध केले, तेव्हा रुमालात बांधलेल्या कागदांची जी पारख करावी लागली असेल, त्याच जातीची, जरी अत्यंत अल्प प्रमाणातील, दक्षता या कामी लागते असे मला वाटते. कारण असेंब्लीची फाइल झिपच्या आतूनच उघडली तर ती एकटीच तात्पुरत्या फोल्डरात उतरते आणि तिचे सुटे भाग तिला सापडत नाहीत. तेथेच फेरफार करून जतन केले तर झिप अद्ययावत करावी काय, अशी पृच्छा होते, आणि तीस होकार देणे म्हणजे ग्राहकाच्या अस्सल दस्तऐवजात खाडाखोड करणे होय.

चाकणच्या कारखान्यांत नव्याने येणाऱ्या तरुणांना माझे आग्रहाचे सांगणे इतकेच की, गठ्ठा आधी आतून पाहावा, तारखा पडताळाव्यात, अस्सल तसेच राखून नकलेवर काम करावे. जुन्या रिव्हिजनवरून कापलेले पोलाद पुन्हा सांधता येत नाही.