एकटीचा प्रवास

आरक्षणाच्या अर्जावर ‘एक प्रवासी’ असे लिहिताना माझा हात थबकला. झाशीहून ग्वाल्हेर जेमतेम शंभर किलोमीटर. पण यजमानांच्या पश्चात हा माझा पहिलाच प्रवास. त्यांच्यामागे माझे गाणेही मुके झाले होते.

वहीत बेत मांडला : सकाळी, 1858 साली ग्वाल्हेरला धारातीर्थी पडलेल्या आमच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी, दुपारी तानसेनाची कबर. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात रुजवली ती याच शहराची गायकी. 2023 साली युनेस्कोनेही त्याला ‘संगीत नगरी’ म्हणून गौरविले.

कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो, अशी गायकांची श्रद्धा आहे.

“आई, मी सोबत येऊ?” मुलाने विचारले.

“नको रे, स्थानकापर्यंत ये.”

पाला मिळो न मिळो, तेथे बसून एक षड्ज लावायचा, एवढे मी ठरवले आहे.