काळ्या-निळ्या डागांमागे
ल्युपस किंवा ऱ्हुमॅटॉइड संधिवात असलेल्या माणसाच्या अंगावर मोठाले काळे-निळे डाग उमटले, की ‘स्टेरॉइडमुळे असेल’ म्हणून ते सोडून दिले जातात, हे मला फार खटकतं. स्टेरॉइडनं त्वचा विरते, हे खरंच. पण याच आजारांत शरीर क्वचित रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं. हा उपार्जित हिमोफिलिया. घराण्यात कुणाला नसतो, बायकांनाही होतो, आणि सांध्यांपेक्षा त्वचेखाली व स्नायूंत रक्त साचवतो.

दहा लाखांत वर्षाला जेमतेम एक-दोघांना होणाऱ्या आजारासाठी सगळ्यांना का तपासायचं, असं कुणी म्हणेल. सगळ्यांना नकोच; पण ज्याला विनाकारण रक्तस्राव होतोय, त्याची एपीटीटी ही रक्त गोठायला लागणारी वेळ मोजणारी साधी चाचणी तरी व्हावी. ल्युपसमध्ये ही वेळ एरवीही लांबलेली दिसते, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. मात्र तिथे ती लांबवणारी प्रतिपिंडं शरीरात उलट गुठळ्या करतात. गुठळ्या होणाऱ्याला रक्त पातळ करणारं औषध लागू शकतं, उपार्जित हिमोफिलिया असलेल्याच्या ते जिवावर बेतेल. म्हणून रक्तस्राव होणाऱ्या आणि ही वेळ लांबलेल्या रुग्णात आठव्या घटकाची पातळी मोजायलाच हवी, आणि तीही दात काढण्याआधी, स्नायूत इंजेक्शन टोचण्याआधी.