खवट आणि सादळलेलं

‘कोळंबीच्या टरफलांपासून प्लॅस्टिक’ या विषयावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. पॅकेजिंगच्या रसायनशास्त्रात आयुष्य घालवलेल्या मला हा मथळाच खटकतो. पण विषय जिव्हाळ्याचा आहे, आणि पावसाळ्यातलं एक प्रकरण अजून मनातून जात नाही.

भिवंडीतल्या एका फरसाणवाल्यांनी कोळंबीच्या टरफलातल्या कायटिनचा थर दिलेल्या कागदी पुड्यांत शेव भरून गोदामात ठेवली. ती सादळली, वर खवटही झाली. “नैसर्गिक माल असाच असतो,” असं म्हणत त्यांनी पुडे परत पाठवले. त्याच घाण्यातली शेव मी तशाच पुड्यांत, कोरड्या कपाटात ठेवली होती. ती कुरकुरीत होती आणि तेलाला वासही नव्हता. दोष कुठे आहे, हे या दोन पुड्यांतच दिसतं.

शेव खवट होते ती ऑक्सिजनमुळे, सादळते ती बाष्पामुळे. कायटिनचे नॅनोतंतू १० ते २० नॅनोमीटर जाडीचे. केसाच्या काही हजारपट बारीक. ते दाट विणीत बसले की ऑक्सिजनला वाट मिळत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने २०१८ साली खेकड्याचं कायटिन आणि लाकडाचं सेल्युलोज यांचे आलटून पालटून थर दिले, तेव्हा काही प्रकारच्या पीईटी प्लॅस्टिकच्या तुलनेत ऑक्सिजन ६७ टक्क्यांपर्यंत कमी झिरपला. पण याच तंतूंना पाण्याची ओढ फार. दमट हवेत ते फुगतात, वीण सैल होते आणि मग ऑक्सिजनही आत शिरतो. आषाढातलं भिवंडीचं गोदाम ही त्यांची सर्वांत कठीण परीक्षा. म्हणून बाहेरून मेणाचा थर हवाच. तो कायटिनला कोरडं ठेवतो आणि कायटिन तेलाला सांभाळतं.

इथे एका वादाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. बाजारात कायटोसानची फिल्म ‘नॅनोतंतू’ म्हणून खपवली जाते. कायटोसान करताना कायटिन अतितीव्र गरम कॉस्टिक सोड्यात शिजवून त्याचे अ‍ॅसिटिल गट काढतात. मग ते सौम्य आम्लात विरघळतं आणि मूळची स्फटिकरचना मोडते. नॅनोतंतूंत ती रचना शाबूत राहते. टरफलातला चुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने जातो, प्रथिनं सौम्य कॉस्टिकने. उरलेलं कायटिन किंचित आम्ल पाण्यात दळलं की तंतूंवरच्या थोड्याशा अमिनो गटांना धनभार येतो आणि तंतू एकमेकांना दूर लोटतात. जपानमधल्या तोत्तोरी विद्यापीठातल्या शिन्सुके इफुकू यांनी खेकड्याच्या कवचावर हे दाखवलं. शेवटी हाती येतो एक दुधाळ जेल; बरणी उपडी केली तरी तो सांडत नाही, आणि तरीही त्यात कायटिन फक्त टक्काभर, बाकी सगळं पाणी! ते पाणी उडवण्यातच निम्मी अक्कल आणि बराचसा पैसा खर्ची पडतो.

राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हापासून मला लोक एकच विचारतात: “मातीत विरघळतं ना?” जमिनीतले जीवाणू आणि बुरशी कायटिन खातात, हे खरं. पण पुडा कचऱ्यात गेल्यावर काय होतं एवढंच पाहून भागत नाही. तो तयार होताना काय झालं, हेही पाहायला हवं. आम्ल आणि कॉस्टिकचं सांडपाणी प्रक्रिया न करता भिवंडीच्या कामवारी नदीत सोडलं, तर त्या पुड्यावर ‘पर्यावरणस्नेही’ कोणत्या तोंडाने छापायचं? दुसरा प्रश्न शाकाहारी गिऱ्हाइकांचा. त्यात हसण्यासारखं काही नाही. त्यांच्यासाठी बुरशीचं कायटिन आहे. सायट्रिक आम्लाच्या कारखान्यांत अ‍ॅस्परजिलस बुरशीचा चोथा उरतोच.

आणि टरफलं? ससून डॉकवर बायका पहाटेपासून कोळंबी सोलतात, तळोज्यात निर्यातीचे कारखाने आहेत, माल आहे. पण उन्हात काही तासांतच तो कुजायला लागतो. बर्फात ठेवून त्याच दिवशी उचलला, तरच चांगलं कायटिन मिळतं. हे काम प्रयोगशाळेचं नाही. टेम्पोचं, बर्फाचं आणि सोलणारणींना मिळायच्या दराचं आहे. एवढी वर्षं तंतूंवर घालवल्यावर हे लिहिताना थकवा येतो, कारण अडलंय ते इथेच.

त्या फरसाणवाल्यांना मी मेणाचा थर दिलेले नवे पुडे देणार आहे, आणि परीक्षा पुन्हा भर पावसातच घ्या असं सांगणार आहे. शेव टिकली, तरी टरफलांची रोजची उचल आणि सांडपाण्याची सोय पाहिल्याशिवाय पुड्यावर ‘नैसर्गिक’ छापायला माझी संमती नसेल.