नकलेचंही एक इमान असतं

आपल्याकडे अँप्लिफायर म्हटलं की गणपतीचा मांडव किंवा कार्यालयातलं लग्न आठवतं. आवाज जसा आहे तसाच, पण मोठा करून ऐकवणं हे त्याचं काम. इलेक्ट्रिक गिटारच्या अँप्लिफायरचं काम निराळं असतं. तो आवाज मोठा करतो आणि मुद्दाम थोडा बिघडवतो. तो बिघाड कसा आणि किती, यावरच वाजवणाऱ्याची सारी पसंती ठरते. हे मला माझ्या भाच्याने शिकवलं. तो इंजिनिअरिंगला आहे, चार मित्रांबरोबर वाजवतो आणि त्याला 'हाय गेन' अँप हवा होता.

हाय गेन म्हणजे काय, तेही त्यानेच सांगितलं. गिटारच्या तारेतून येणारा विजेचा संकेत अगदी क्षीण असतो. व्हॉल्व्ह तो वाढवतो. तो वाढलेला संकेत दुसऱ्या व्हॉल्व्हला, त्याच्याकडून तिसऱ्याला असा चढत जातो. एका टप्प्यावर व्हॉल्व्हला तो पेलवत नाही आणि लहरीचा माथा कापला जातो. त्यातून तो जाड, लांबत जाणारा, गुरगुरणारा स्वर निघतो. आमच्या ताईच्या शब्दांत, 'गिरणी सुरू झाल्यासारखा.'

या जातीचे नामांकित अँप छोट्या कारखान्यांत, थोड्या संख्येने तयार होतात. किंमत आपल्या रुपयांत तीन लाखांच्या पुढे, शिवाय आयातीचा खर्च वेगळा. त्याच आराखड्यावर बेतलेल्या नकला मात्र त्याच्या काही अंशात मिळतात. दाजींचं म्हणणं होतं, 'नक्कल ती नक्कल, घेऊ नये.' ताई म्हणाली, 'आवाज तोच असेल तर तीन लाख कुणाच्या घशात घालायचे?' भाचा म्हणाला, 'मामा, तुम्हीच सांगा.' घरात मास्तर असला की असले निवाडे त्याच्याच गळ्यात पडतात. मग मी थोडं वाचलं, थोडं ऐकलं, आणि आधी एकच प्रश्न हाती घेतला : यातलं अस्सल नेमकं कोणतं?

मागे मागे जाऊ लागलो तशी गंमत वाटू लागली. १९५० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांच्या कंपनीने 'बेसमन' नावाचा अँप काढला. तो खरं तर बेस गिटारसाठी होता. इंग्लंडमध्ये अमेरिकन माल फार महाग पडे. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचे एक ड्रमशिक्षक वाद्यांचं दुकान चालवत. दुकानात येणाऱ्या तरुण वादकांना बेसमनसारखा आवाज हवा होता. मग १९६२ मध्ये मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेवन या दोघांना हाताशी धरून बेसमनचा आराखडा समोर ठेवून आपला अँप तयार केला. तो 'जेटीएम-४५'. आज जगभर जो 'मार्शलचा आवाज' म्हणून ओळखला जातो, त्याचा उगम असा नकलेत आहे.

पण नक्कल हुबेहूब झाली नाही. जे सुटे भाग इंग्लंडमध्ये मिळत होते तेच वापरावे लागले. पहिल्या टप्प्यावर जास्त गेन देणारा व्हॉल्व्ह आला. स्पीकर इंग्लिश बसले आणि त्यांची पेटी मागून बंद केली गेली. एवढ्याने आवाज बदलला, आणि तो बदललेला आवाजच पुढच्या पिढीला हवासा वाटला.

पुढची कथाही अशीच. माइक सोल्डानो हे अमेरिकन कारागीर आधी इतरांचे अँप उघडून त्यांत फेरफार करून देत. त्यातून हात बसला आणि १९८७ च्या सुमारास त्यांचा 'एसएलओ-१००' आला. हाय गेनच्या जगात तो मैलाचा दगड मानतात. त्यात एक व्हॉल्व्ह मुद्दामच 'थंड' ठेवला आहे, म्हणजे लहरीची एक बाजू लवकर कापली जावी अशा बेताने. ही बारीकशी युक्ती, पण आवाजाचा स्वभाव त्यातून ठरतो. एडी व्हॅन हॅलन यांनी तो अँप वापरला. मग १९९२ मध्ये त्यांच्या सहभागाने पीव्ही कंपनीचा '५१५०' आला, त्याच्या आराखड्यावर सोल्डानोची छाप स्पष्ट दिसते. आणि पुढे या ५१५० च्याही स्वस्त नकला निघाल्या. नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल!

कायदा काय म्हणतो? १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयात मिक्सरवरून मॅकी आणि बेहरिंजर या कंपन्यांचा वाद गेला होता. विद्युतमंडलाच्या आराखड्याला कॉपीराइटचं संरक्षण नाही, असं तिथे ठरलं. पेटंट घेतलं असेल तर त्याची मुदत असते. नाव मात्र चोरता येत नाही. म्हणून नकलांची नावं वेगळी आणि आतली मांडणी तीच. अलेक्झांडर डंबल नावाचे एक कारागीर तर आपली युक्ती कुणाला कळू नये म्हणून आतल्या भागांवर राळेचा घट्ट थर ओतत. लोकांनी तोही खरवडून आराखडे काढलेच. डंबल २०२२ मध्ये गेले. त्यांच्या हातच्या जुन्या अँपना आज लाखाहून अधिक डॉलर मोजले जातात, आणि त्यांच्या नकलाही विकल्या जातात.

एवढं कळल्यावर दाजींचा 'नक्कल ती नक्कल' हा मुद्दा तसाच्या तसा टिकत नव्हता. पण ताईचा 'आवाज तोच' हा मुद्दा तरी खरा का? भाच्याच्या ओळखीने पुण्याच्या एका स्टुडिओत सोल्डानो आणि त्याच आराखड्यावरची एक स्वस्त नक्कल, असे दोन्ही अँप शेजारी शेजारी ऐकायला मिळाले. स्पीकर एकच ठेवला आणि दोघांचा आवाज सारख्या पातळीवर आणला. हे महत्त्वाचं. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि दुकानात गिऱ्हाईक इथेच फसतं. आम्ही पाठ फिरवून बसलो. गुरगुराट पूर्ण वर नेला तेव्हा मला तर नाहीच, भाच्यालाही फरक सांगता आला नाही. मग वादकाने गिटारची कळ मागे घेतली, बोट हलकं ठेवून एकेक स्वर लावला. तेव्हा एकात स्वर स्वच्छ होत गेला, दुसऱ्यात तो थोडा मलूल पडला. तो मलूल आवाज नकलेचा होता. पण फरक एवढाच. स्पीकर बदलून पाहिला तेव्हा त्याच्या कितीतरी पट फरक पडला.

मग पैसे जातात कुठे? याचं उत्तर स्टुडिओत मिळालं नाही, ते इथे बेळगावात मिळालं. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात हयात गेलेले एक अण्णा आहेत. भाच्याच्या मित्राची अशीच एक बंद पडलेली नक्कल त्यांच्याकडे नेली. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण नजर अजून शाबूत. झाकण काढून त्यांनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं आणि म्हणाले, 'हेसरु दोड्डद, कब्बिण सण्णद.' नाव मोठं, लोखंड लहान! त्यांचं बोट ट्रान्सफॉर्मरवर होतं. लोखंड आणि तांब्याची तार, खर्चात कपात करायची तर पहिली कात्री इथेच लागते. मग त्यांनी व्हॉल्व्हचे सॉकेट दाखवले. ते थेट छापील पट्टीवर डाखलेले होते. व्हॉल्व्ह तापतो, पट्टीही तापते, काही दिवसांनी डाख सुटतो. चांगल्या अँपमध्ये सॉकेट पत्र्याच्या सांगाड्याला घट्ट बसवतात आणि तारा हाताने जोडतात. वीस वर्षांनी कुणी उघडेल तेव्हा त्याला हात घालता यावा, हा त्यामागचा विचार. महाग वस्तूत आपण आवाजाइतकेच पैसे या विचाराचे देतो.

(इथे एक धोक्याची सूचना. या अँपमध्ये चारशे व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो आतल्या कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो. मुलांनी हौसेने झाकण उघडू नये.)

मी वर्गात रोज नकला पाहतो. गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवणारा मुलगा आणि वहीतलं उत्तर समजून घेऊन लिहिणारा मुलगा, दोघांची वाक्यं कधी कधी सारखीच असतात. एक प्रश्न फिरवून विचारला की फरक कळतो. अँपच्या नकलांचंही तसंच दिसतं. आराखडा उतरवणं सोपं. हा रोध इथे का, हा व्हॉल्व्ह थंड का, ट्रान्सफॉर्मर एवढा जड का, हे ज्याला कळलं त्याची नक्कल टिकते. ज्याला कळलं नाही तो नेमकं तेच काटतो जे काटायचं नसतं.

आणि नकलेचा तिरस्कार आपण तरी कोणत्या तोंडाने करावा? कुमार गंधर्वांचं सुळेभावी गाव इथून हाकेच्या अंतरावर. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गात, आणि त्या नकलेवर लोक थक्क होत. पुढे मुंबईला देवधर मास्तरांकडे शिक्षण झालं, क्षयाचं दुखणं आलं, देवासला वास्तव्य झालं, आणि जे गाणं उभं राहिलं ते कुणाचंच नव्हतं, त्यांचं होतं. नक्कल ही शिकण्याची पहिली पायरी आहे. तिथेच मुक्काम ठोकायचा की पुढे जायचं, एवढंच माणसाच्या हाती असतं.

आमच्या घरचा निवाडा असा झाला. भाच्याने नक्कलच घेतली, पण जड ट्रान्सफॉर्मरची, सांगाड्याला सॉकेट असलेली. वाचलेल्या पैशांतला काही भाग चांगल्या स्पीकरवर घातला. दाजींनी एक अट घातली : आराखडा मुळात कुणाचा, हे विचारणाऱ्याला लपवायचं नाही. ही अट मला सगळ्यात पटली. ज्याच्या डोक्यातून युक्ती निघाली त्याला आपण पैसे देऊ शकत नाही, निदान नाव तरी द्यावं.

तुमच्या घरीही असा हट्ट निघाला तर किमतीची पाटी पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा. सारख्या पातळीवर ऐकला का? वजन किती? आणि बिघडला तर गावात उघडणारं कुणी आहे का? अण्णांच्या हाताखाली आता शिकायला कुणी येत नाही. भाचा मात्र परवापासून रविवारी जाऊन बसतो. अजून डाख लावायची परवानगी नाही, फक्त पाहायचं आणि वहीत आकृती उतरवायची.